फक्त काजूची अ‍ॅलर्जी: बाकीचा सुकामेवा द्यायचा की सगळाच बंद?

रानजाई

लेक सहा वर्षांची आहे. तिला काजूची अ‍ॅलर्जी आहे, नुसती खाज सुटण्याइतकी नाही, दवाखाना गाठावा लागेल अशी. काजूबरोबर पिस्ताही बंद आहे. बदाम, अक्रोड आणि शेंगदाणे मात्र चालतात, रीतसर तपासून झालंय. घरात वाद आहे तो नेमका या चालणाऱ्या पदार्थांवरून. सासूबाई म्हणतात, विषाची परीक्षा कशाला घ्यायची? सगळाच सुकामेवा बंद करा, त्यावाचून पोरीचं काही अडत नाही. नवऱ्याचाही कल तिकडेच आहे. मला ते पटत नाही. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी आपापला अनुभव सांगावा म्हणून हा धागा काढतेय. मत माझ्याविरुद्ध असलं तरी जरूर लिहा.

आधी झालं काय ते सांगते. काजूची पूड घातलेला केक होता. दोनतीन घास खाऊन तिने ताटली सरकवली आणि "जिभेला केस चिकटलाय" म्हणत बोटाने जीभ खरवडायला लागली. केसबिस काही नव्हता. मग कानामागे आणि मानेवर गांधी उठल्या, वरचा ओठ सुजला, उलटी झाली. उलटीनंतर कोरडा खोकला लागला आणि आवाज घोगरा झाला, तशी उचलून दवाखान्यात नेली. तिथे मांडीत अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन दिलं आणि काही मिनिटांत चेहऱ्यावर रंग परत आला. तरी लगेच घरी सोडलं नाही. काही मुलांमध्ये सगळं शांत झाल्यावर काही तासांनी तोच प्रकार पुन्हा उसळतो, म्हणून थांबवून ठेवतात.

पुढे त्वचेची चाचणी झाली. हातावर एकेका पदार्थाचे थेंब ठेवून हलकंसं टोचतात आणि १५ मिनिटांनी फुगवटा मोजतात. ३ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा असेल तर चाचणी सकारात्मक धरतात. काजूचा आणि पिस्त्याचा चांगलाच मोठा आला. बदामाचा काहीच नाही. अक्रोडाचा मात्र लहानसा आला, आणि तिथेच सगळे हबकले. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की फुगवटा येणं म्हणजे खाल्ल्यावर त्रास होणारच असं नाही. मग दवाखान्यातच बसवून, औषधं हाताशी ठेवून, तिला अक्रोड अगदी कणभरापासून चढत्या मात्रेने खाऊ घातला. काहीही झालं नाही.

एवढं सगळं करून जे चालतं ते कळलंय, तर ते पुन्हा बंद का करायचं, हा माझा प्रश्न आहे.

पायवाट

आम्ही सगळं बंद केलंय, आणि का ते सांगतो.

मुलगा आठ वर्षांचा, अक्रोडाची अ‍ॅलर्जी. पेकानही चालत नाही, ते अक्रोडाच्याच कुळातलं. काजू, बदाम त्याला चालतात असं अहवाल म्हणतो. पण अहवाल पदार्थाबद्दल बोलतो, दुकानातल्या पाकिटाबद्दल नाही. सुटा सुकामेवा एकाच जागी सोलला, भाजला, भरला जातो. बदामाच्या पाकिटात अक्रोडाचा तुकडा सापडलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. शिवाय एकदा का तुकडे केले किंवा पूड केली, की आत काय आहे हे नुसतं बघून कुणालाही सांगता येत नाही.

दुसरं म्हणजे माणसं. घरातल्या, शेजारच्या, मित्रांच्या घरच्या मोठ्यांना "कुठलाच सुकामेवा नाही" हे एका वाक्यात कळतं. "हा चालतो, तो नाही, त्याचा भाऊबंदही नाही" असं सांगायला लागलं की समोरचा मान डोलावतो आणि विसरतो. नियम जितका सोपा तितका तो पाळला जातो. मुलाला बदाम न मिळाल्याने काही बिघडलेलं नाही.

सांजतारा

मी बालरोगतज्ज्ञ आहे, अशी मुलं कायम बघते. इथे बसून कुणाच्या मुलाबद्दल निर्णय देणार नाही, पण दोनचार गोष्टी स्पष्ट करते.

काजू आणि पिस्ता एकाच कुळातले आहेत आणि त्यांची प्रथिनं एकमेकांशी फार मिळतीजुळती आहेत. शरीराने एकाविरुद्ध जी प्रतिपिंडं तयार केली, ती दुसऱ्यालाही ओळखतात. म्हणून काजूची अ‍ॅलर्जी असलेल्या बऱ्याच मुलांना पिस्ता बाधतो आणि पिस्त्याची असलेल्या जवळजवळ सगळ्यांना काजू बाधतो. अक्रोड आणि पेकान ही तशीच दुसरी जोडी, पायवाट यांनी म्हटलंय ते बरोबर आहे. आंबाही काजूच्याच कुळातला, पण फळातली प्रथिनं वेगळी असल्याने या मुलांना तो सहसा चालतो. गुलाबी मिरी म्हणून मिळते ती मात्र काजूवाल्यांनी टाळावी, तीही त्याच कुळातली आहे. शेंगदाणा तर शेंगवर्गातला, त्याचा या झाडांशी संबंध नाही, पण काही मुलांना दोन्हींची अ‍ॅलर्जी असते म्हणून तो वेगळा तपासावा लागतो.

भाजून, शिजवून किंवा बेक करून काजू सुरक्षित होत नाही. ज्या प्रथिनांमुळे तीव्र त्रास होतो ती २एस अल्ब्युमिन गटातली आहेत आणि उष्णतेला व पोटातल्या पाचकरसांना दाद देत नाहीत. रक्तातून 'अ‍ॅना ओ ३' नावाची जी तपासणी करतात ती काजूतल्या नेमक्या याच प्रथिनाची. नुसत्या काजूच्या आयजीई (अ‍ॅलर्जीच्या प्रतिपिंडांच्या) तपासणीपेक्षा ती जास्त विश्वासार्ह ठरते. आणि आकडा किंवा फुगवटा मोठा म्हणजे त्रासही तितका मोठा, असं गणित नसतं. आकड्यावरून अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता किती ते कळतं, पुढच्या वेळी काय होईल ते कळत नाही.

आता मूळ प्रश्न. रानजाई, तुमच्या लेकीने अक्रोड डॉक्टरांसमोर खाऊन दाखवलाय. यापेक्षा भक्कम पुरावा नसतो. असा पदार्थ, विशेषतः ज्याचा फुगवटा येतो पण जो खाऊन चालतो, तो पुढे बराच काळ बंद ठेवला तर काही मुलांमध्ये सहनशक्ती जाते आणि पुन्हा दिल्यावर त्रास होतो, अशा नोंदी आहेत. एक्झिमा (कोरड्या, खाजऱ्या त्वचेचा विकार) असलेल्या मुलांत ही भीती जास्त. लंडनमध्ये झालेला लीप नावाचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ४ ते ११ महिन्यांच्या, अ‍ॅलर्जीचा धोका जास्त असलेल्या ६४० बाळांचे दोन गट केले होते. एका गटाला शेंगदाणा नियमित दिला, दुसऱ्याला पाच वर्षांपर्यंत अजिबात नाही. सुरुवातीला ज्यांची त्वचाचाचणी कोरी होती, त्यांच्यात टाळणाऱ्यांपैकी १३.७ टक्के मुलांना पुढे अ‍ॅलर्जी झाली, खाणाऱ्यांपैकी १.९ टक्के. हा अभ्यास शेंगदाण्याचा आणि तान्ह्या बाळांचा आहे, तो जसाच्या तसा सहा वर्षांच्या मुलीला लावता येणार नाही. पण "टाळलं की सुरक्षित" ही आमच्या पिढीला शिकवलेली समजूत त्याने कायमची हलवली.

पायवाट यांचा मुद्दाही खरा आहे. सरमिसळीचा धोका कल्पनेतला नाही. निर्णय घराची शिस्त, मुलाचं वय आणि दम्याची स्थिती बघून घ्यायचा असतो. दमा आटोक्यात नसेल तर मी आधी तो आटोक्यात आणते, कारण तीव्र प्रसंग जिवावर बेततात ते बहुतेक श्वासाच्या अंगाने.

कोवळंऊन

मी स्वतः काजूवाली. आता नोकरी करते. लहानपणी आमच्याकडे पायवाट यांच्यासारखाच नियम होता, सगळं बंद. आईबाबांनी जिवापाड जपलं, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण त्या नियमाचा माझ्यावर काय परिणाम झाला ते सांगावंसं वाटतं.

मला कशाची अ‍ॅलर्जी आहे हे मला नीट माहीतच नव्हतं. "सुकामेवा" एवढंच माहीत. मग बारातेरा वर्षांची असताना एका मैत्रिणीकडे बदाम घातलेलं बिस्किट नकळत खाल्लं गेलं आणि काही झालं नाही. त्यावरून मी मनात ठरवलं की आपली अ‍ॅलर्जी गेली. घरी कुणाला बोलले नाही. पुढचे काही महिने मी विचारायचंच सोडून दिलं होतं, औषध घरी ठेवून बाहेर पडायचे. काजू समोर आला नाही हे केवळ नशीब.

जीव जाण्याचा धोका सगळ्यात जास्त कुमारवयात आणि ऐन तरुणपणी असतो. त्या वयात कुणालाच वेगळं दिसायचं नसतं, अ‍ॅड्रिनलिनचं पेन (स्वतः टोचायचं तयार इंजेक्शन) बाळगायची लाज वाटते, आणि घरचं कुणी सोबत नसतं. तिथे उपयोगी पडते ती नेमकी माहिती. आता मी हॉटेलात "नट्स चालत नाहीत" असं म्हणत नाही. "मला काजू आणि पिस्ता चालत नाही, ग्रेव्ही दाट करायला किंवा चीजऐवजी काजू वापरलाय का, स्वयंपाकघरात विचारून सांगा" असं म्हणते. काजू चवीला सौम्य असतो, दुधाशिवायचं चीज, आइस्क्रीम, सॉस यात तो बेमालूम मिसळतो. नाव घेऊन विचारलं की माणूस खरंच आत जाऊन बघतो.

आणि एक गोष्ट मुलं मोठी व्हायला लागली की आईवडिलांनी संकोच न करता सांगावी. कुणाच्या जवळ जाण्याआधी, चुंबनाआधी, त्याने काय खाल्लंय ते विचारायचं. नुसते दात घासून भागत नाही, मध्ये काही तास आणि काजू नसलेलं एक जेवण जायला हवं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, वाचून कळलं.

रानजाई ताई, लेकीला नेमकं शिकवा.

मधली_सुट्टी

शाळेत शिकवते, लहान वर्गांना. आमच्या बाजूने काय लागतं तेवढं लिहिते.

औषध कार्यालयातल्या कपाटात कुलूप लावून ठेवू नका, तसं ठेवू देऊही नका. किल्ली शोधायला जो वेळ जातो तोच नेमका हातात नसतो. पिशवी मुलाबरोबर फिरली पाहिजे, वर्गातून मैदानावर, मैदानातून वर्गात. पिशवीत मुलाचा फोटो, काय करायचं त्याचा एक पानाचा कागद आणि फोन नंबर. आम्हाला लांबलचक फाइल नको असते, ते एक पान हवं असतं.

हात साबणाने धुवायला लावा. सॅनिटायझर जंतू मारतो, पण शेंगदाण्याची प्रथिनं तो काढत नाही असं तपासून बघितलंय. साधं पाणीही पुरत नाही. साबण किंवा ओल्या पुसण्यांनी ती जातात. काजूलाही आम्ही तेच लावतो.

मुलाला एकट्याला वेगळ्या बाकावर बसवू नका, एवढी माझी विनवणी आहे. डबा खाताना एकट्या बसलेल्या मुलाचा चेहरा बघवत नाही. आम्ही दोन मित्रमैत्रिणी सोबत बसवतो, ज्यांच्या डब्यात त्या दिवशी काजू नाही अशा. उष्टं, वाटून घेणं मात्र सगळ्या वर्गालाच बंद. आणि चिडवण्याकडे लक्ष ठेवा. "हे तोंडाला लावू का?" म्हणून काजू घेऊन मागे धावणारं पोर गंमत करत नसतं, ते धमकावणं आहे, आणि शाळेने ते तसंच हाताळलं पाहिजे.

चांदणवेल

एक शंका. शेजारी कुणी काजू खात असेल तर नुसत्या वासाने त्रास होतो का? आम्ही त्या भीतीने विमानप्रवास टाळतोय.

सांजतारा

वास येतो तो हवेत उडणाऱ्या वेगळ्या रेणूंमुळे, त्यात सहसा प्रथिन नसतं. शेजारच्याने काजू खाल्ला म्हणून तीव्र प्रतिक्रिया येत नाही. पूड हवेत उडतेय, कुणी काजू दळतोय, अशा जागी मात्र मुलाला उभं करू नका. विमानात आपल्या जागेचं टेबल आणि हात पुसा, खाणं घरचं न्या, औषध सामानाच्या कप्प्यात न टाकता पायाशी ठेवा. प्रवास करा.

जुनीपेटी

मी आजी आहे. रानजाईच्या सासूबाईंच्या जागी मीही आहे, म्हणून लिहिते. बाळांनो, आम्ही हट्टी नसतो. दुपारभर मूल आमच्याजवळ असतं आणि काही झालं तर हात आमचेच असतात. मला दिसायला कमी, पाकिटावरची बारीक अक्षरं वाचवत नाहीत. सगळं बंद असलं की मला झोप लागते, एवढी साधी गोष्ट आहे. आणि ते इंजेक्शन केव्हा द्यायचं हे मला कुणी धड सांगितलेलं नाही. नुसत्या गांधी उठल्या तर द्यायचं? उगाच दिलं तर पोराला अपाय होईल का?

सांजतारा

आजी, धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलात. सविस्तर सांगते, तरी नातवाच्या डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद यापेक्षा वरचा समजा.

अंगावर चारदोन गांधी, ओठाला खाज, बाकी मूल खेळतंय, बोलतंय: जवळ बसा, लक्ष ठेवा, खाज कमी करणारं औषध द्या. पण त्वचेबरोबर दुसरं काही सुरू झालं, म्हणजे गांधी आणि पुन्हा पुन्हा उलट्या, तर थांबायचं नाही, इंजेक्शन द्यायचं. आणि खोकला, घरघर, घोगरा आवाज, गिळता न येणं, अंग गळून जाणं, पांढरं पडणं, यातलं एक जरी दिसलं तरी लगेच इंजेक्शन, मग त्वचेवर एकही गांधी नसली तरी चालेल. त्वचा कोरी राहूनही तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते.

खाजेच्या गोळ्या-सिरप श्वासाचा आणि रक्तदाबाचा त्रास थांबवत नाहीत. ते दिलं आणि वाट बघत बसलो, यातच वेळ जातो. अ‍ॅड्रिनलिन हेच पहिलं औषध. जागा म्हणजे मांडीच्या मधोमध, बाहेरच्या अंगाला, कपड्यावरूनही चालतं. मात्रा वजनावर ठरते, दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम. तयार पेन सहसा ०.१५ आणि ०.३ मिलिग्रॅमची असतात. पेन मिळत नसेल तिथे डॉक्टर सिरिंजने औषध भरायला शिकवतात, ते मात्र हाताला वळण लागेपर्यंत त्यांच्यासमोर करून बघा. उगाच दिलं गेलं तर छाती धडधडेल, हात थरथरतील, थोड्या वेळाने उतरेल. न देण्याची किंमत त्यापेक्षा फार मोठी आहे.

दिल्यावर मुलाला आडवं झोपवा, पाय जरा वर. धाप लागली असेल तर बसू द्या. बरं वाटलं म्हणून उभं करू नका, गाडीपर्यंत चालवत नेऊ नका, अचानक उभं राहिल्याने रक्तदाब कोसळतो. रुग्णवाहिका बोलवा. ५ मिनिटांनी फरक नसेल आणि दुसरं पेन असेल तर तेही द्या, म्हणून कायम दोन बाळगायची.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. जुनीपेटी आजी, तुमचं लिहिणं मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या इतकंच म्हणाल्या, "हेच तर मी सांगत होते." मग आम्ही दोघी सरावाचं पेन घेऊन बसलो. त्यात सुई नसते. त्यांनी एकदा माझ्या मांडीवर दाबलं, मग स्वतःच्या, आणि टोपण काढताना अंगठा टोकावर जातोय हे त्यांच्याच लक्षात आलं. मूठ वळून धरायची, अंगठा टोकावर ठेवायचा नाही, हे आता त्या मला बजावतात.

पायवाट, तुमच्या म्हणण्यातला सरमिसळीचा भाग मी पूर्ण स्वीकारलाय. आता आमची रीत अशी ठरलीय. घरात बदाम आणि अक्रोड येतात ते कवचासकट, घरी फोडून. कवच दिसतंय म्हणजे काय आहे ते सासूबाईंनाही दिसतं, चष्मा लागत नाही. सोललेले तुकडे, पूड, मिश्र पाकिटं आणायचीच नाहीत. काजू-पिस्ता घरात येत नाही, त्यामुळे मिक्सरच्या भांड्याच्या पात्याखाली काही अडकून राहण्याचा प्रश्न उरत नाही. आणि घराबाहेर मात्र सगळाच सुकामेवा बंद, तुमच्यासारखाच. बाहेरच्यांना एक वाक्य, लेकीला खरं कारण.

तिला आम्ही फोटोवरून नाही, खऱ्या वस्तूवरून शिकवतो. काजू बंद काचेच्या बरणीत दाखवला. तिला वाटत होतं काजू नेहमी त्या वाकड्या आकाराचाच असतो. अर्धा, तुकडा, पूड, सगळं वेगवेगळ्या बरण्यांत दाखवल्यावर ती म्हणाली, "म्हणजे बघून कळत नाही, विचारावंच लागतं." दाखवून झाल्यावर त्या बरण्या मी बहिणीकडे परत पाठवल्या.

पायवाट

कवचाची कल्पना चांगली आहे. आम्हीही डॉक्टरांशी बोलून बदामाचा विचार करू, मुलाने अजून तो कधी दवाखान्यात खाऊन बघितलेला नाही, नुसत्या अहवालावर घरी सुरुवात करणार नाही. बाहेरचा नियम आहे तसाच राहील.

चांदणवेल

ही अ‍ॅलर्जी वयाबरोबर जाते का? आणि थोडं थोडं खाऊ घालून सवय लावतात म्हणे, ते घरी करता येतं का?

सांजतारा

झाडावरच्या सुक्या मेव्याची अ‍ॅलर्जी साधारण १० टक्के मुलांची जाते, शेंगदाण्याची साधारण २० टक्के. म्हणून अधूनमधून फेरतपासणी करायची. गेली की नाही ते दवाखान्यात खाऊनच ठरवतात.

सवय लावण्याचा उपचार आहे, पण घरी स्वतःच्या मनाने अजिबात करू नका. प्रत्येक मात्रावाढ देखरेखीखालीच होते, आणि ताप, दमणूक, व्यायाम यामुळे कालपर्यंत चाललेली मात्राही बाधू शकते. शेंगदाण्यासाठी तयार औषध २०२० मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. काजूसाठी काही तज्ज्ञ केंद्रांत हा उपचार करतात. २०२४ मध्ये अमेरिकेतच ओमालिझुमॅब हे इंजेक्शन एक वर्षावरच्या रुग्णांसाठी मंजूर झालं. ते चालू असेपर्यंत चुकून पोटात गेलेल्या थोड्या कणांपासून बचाव मिळू शकतो. ते घेऊन काजू खायला मोकळीक मिळत नाही, टाळायचं ते टाळायचंच.

जुनीपेटी

डॉक्टर, कागद आता फ्रिजवर लावलाय, मोठ्या अक्षरात लिहून घेतला. पेनही फ्रिजमध्येच ठेवलंय, ते बरोबर आहे ना?

कोवळंऊन

नाही आजी, आजच बाहेर काढा आणि आपल्या औषधवाल्याला दाखवून ते बदलायचं का विचारा. फ्रिज नको, उन्हातली गाडी नको, खिडकीही नको. घरातल्या साध्या तापमानाला, साधारण २० ते २५ अंशांत ठेवायचं. पेनाच्या बाजूला छोटी खिडकी असते, महिन्यातून एकदा तिथून बघा. आतलं औषध पाण्यासारखं स्वच्छ हवं. तपकिरी किंवा गढूळ दिसलं तर तारीख शिल्लक असली तरी नवं आणा. मी मुदत संपायची तारीख फोनमध्ये महिनाभर आधीची लावून ठेवते.